पाणी कुठं ठेवलं होतं?

मार्च संपत आला की भामरागडच्या आसपासचे मोह पहाटे फुलं गाळू लागतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा झाडून घेतलेली असते. उजाडायच्या आत घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन येतात, उकिडवी बसतात आणि बसल्या बसल्या पुढं सरकत फुलं वेचतात. उभ्यानं वाकून वेचणाऱ्याची कंबर तासाभरात धरते. मोह उकिडवं बसूनच वेचायचा.

यंदा माझा एक जुना विद्यार्थी पाटावर बसून मोह वेचत होता. पाट उचलायचा, दोन विती पुढं ठेवायचा, त्यावर टेकायचं, डावा पाय सरळ लांब सोडायचा आणि हाताला येतील तेवढी फुलं गोळा करायची. मग पुन्हा पाट. त्याच्या आईची दुसरी टोपली भरत आली तरी त्याची पहिली अर्धीच होती. त्याचा डावा घोटा वाकत नाही. घोटा वाकत नसला की माणसाला उकिडवं बसता येत नाही. मोह वेचता येत नाही, धानाची रोवणी करता येत नाही, चुलीपुढं बसता येत नाही, आणि शौचाला गेलं तरी अडतं. दवाखान्याच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. तिथं होतं ते एवढंच, की घोट्याची हालचाल मर्यादित आहे आणि डाव्या पायाची दोन बोटं काढलेली आहेत.

डिसेंबर 2024 मध्ये चाकणच्या बाजूला एका गोदामात फोर्कलिफ्टचा मागचा भाग आणि रॅकचा लोखंडी खांब यांच्या मधे त्याचा पाय सापडला. तेव्हा तो 22 वर्षांचा होता. आमच्या भागातल्या जखमा कशाच्या, तर अस्वलानं ओरबाडल्याच्या, मोहाच्या नाहीतर ताडाच्या झाडावरून पडल्याच्या, सापाच्या, शेकोटीत भाजल्याच्या. हेमलकशाला 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून तिथल्या दवाखान्यानं या सगळ्या पाहिल्या. अख्ख्या भामरागड गावात मी आजवर एकही फोर्कलिफ्ट पाहिलेली नाही. आमच्याकडे धानाचे कट्टे आजही माणसाच्या पाठीवरूनच चढतात आणि उतरतात. तरीही फोर्कलिफ्टनं चेंगरलेला पाय आमच्या गावात येऊन पोचला आहे.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे कागद घेऊन आला, तेव्हा ओसरीवर शेजारचे काका बसले होते. काका मूळचे आलापल्लीचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या यार्डात त्यांची 31 वर्षं गेली. हेल्पर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. आता लेकीकडे राहतात. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि पोराकडे बघत म्हणाले, "काहून गेला रे गाडीच्या मागं?"

पोरानं मान खाली घातली. मला राग आला. पुढचं बोलणं तिथून सुरू झालं. मला आठवतं तसं, थोडं सावरून, लिहिते आहे.

मी : काका, त्याचा पाय गेला आणि तुम्ही त्यालाच विचारता?

काका : मॅडम, मी त्याच्यावर रागावत नाही. पण दुसरं विचारू तरी काय? यार्डात 31 वर्षं काढली. गाडी आपणहून कुणाच्या अंगावर येत नाही जी. दहातले आठ अपघात माणसाच्या बेसावधपणाचे. कानात मोबाइलची दोरी, नाहीतर घरची चिंता, नाहीतर झोप. गाडी चालू असताना तिच्या दहा हातांच्या आत जायचं नाही, हे मी माझ्या पोरांना रोज सकाळी सांगत होतो. ज्यानं ऐकलं तो पेन्शन खातो आहे.

मी : आणि ज्यानं ऐकलं नाही?

काका : त्याचंच तर सांगतो. मी लहान असताना आलापल्लीला सागाचे लठ्ठे हत्ती ओढायचे. कमलापूरचे हत्ती. तुम्ही त्यांना आता कॅम्पमधे बघता, पाहुण्यासारखे उभे असलेले. तेव्हा ते राबत होते. साखळीला लठ्ठा बांधला की हत्तीच्या मागं आणि बाजूला कुणी उभं राहायचं नाही. लठ्ठा उतारावर कुठं घसरेल, हत्ती कधी वळेल, नेम नाही. महावत ओरडायचा, चाराकटर ओरडायचा, पण त्याच्याही आधी आमचे बापच कान धरून मागं ओढायचे. शिस्त होती. फोर्कलिफ्ट म्हणजे लोखंडी हत्तीच. हत्तीला निदान डोळे असतात. माणूस आडवा आला तर तो थबकतो. ही थबकत नाही. मग आपणच जास्त सावध नको का राहायला?

काकांचं हे बोलणं मला खोडून काढता येईना, कारण त्यात खोटं काही नव्हतं. यंत्राची त्यांना जी जाण आहे ती मला नाही. मी विचारलं म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांहून जड असते. पुढच्या काट्यांवर माल घेतला की गाडी तोंडावर पडू नये म्हणून तिच्या पाठीत लोखंडाचं ओझं भरलेलं असतं. त्यामुळं ती रिकामी फिरते तेव्हा तिचा बहुतेक भार मागच्या चाकांवर असतो. आणि ती वळते तीही मागच्या चाकांवर. मोटार वळते तेव्हा तोंड आधी जातं आणि मागचा भाग त्याच्या मागोमाग येतो. फोर्कलिफ्टचं उलट आहे. तिचं तोंड जवळपास जागेवरच फिरतं आणि पाठ मात्र बाहेरच्या बाजूला झपकन फेकली जाते. चालकानं डावीकडं वळवली की मागचा भाग उजवीकडं येतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटतं गाडी आपल्यापासून दूर चालली आहे, आणि नेमकी त्याच क्षणी ती त्याच्या अंगावर येते.

शिवाय पुढं माल उंच रचलेला असला की चालकाला समोरचं दिसतच नाही. म्हणून नियम असा, की माल उंच असेल तर गाडी उलटी चालवायची, मान मागं वळवून. बारा तास मान मागं वळवून बघा, काका म्हणाले. आणि एकदम ब्रेक दाबला तर माल पुढं ओतला जातो, म्हणून चालक ब्रेक दाबायला बिचकतो.

मी : हे सगळं तुम्हाला 31 वर्षांत कळलं. याला किती दिवसांत कळायला हवं होतं?

काका : त्याला ट्रेनिंग दिलंच असेल की. कागदात रजिस्टरची झेरॉक्स आहे, त्यावर सही आहे त्याची.

सही खरीच होती. मी त्या सहीकडे बघत राहिले, कारण ती मी ओळखते. पाचवीत तो तशीच सही करायचा, शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपूट.

मी त्याला विचारलं, "सेफ्टीचं काय सांगितलं होतं रे पहिल्या दिवशी?"

तो म्हणाला, "एक साहेब होते. हिंदीत बोलले, मधून मधून इंग्लिश. अर्धा तास. मग विचारलं, समझ गए? सगळे हो म्हणाले. मीपण हो म्हणालो."

त्याचं ते "हो" मला फार लागलं. आमच्या शाळेत पहिलीला येणारी बहुतेक मुलं घरी माडिया बोलतात. वर्गात आम्ही मराठीत बोलतो. पहिली दोन वर्षं मूल काही समजलं नाही तरी मान हलवतं. मान हलवली की बाई पुढच्या मुलाकडे वळतात, हे त्याला लवकर कळतं. न समजताही "हो" म्हणायची सवय आम्ही शाळेतच लावली. पोरगं ती घेऊन चाकणपर्यंत गेलं, आणि तिथं त्या "हो"ची रजिस्टरमधली सही झाली. आता तीच सही त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढं येते आहे. मी वीस वर्षं शिकवते आहे. यापुढं वर्गात एखाद्या मुलानं नुसतं "हो" म्हटलं तर मी पुढं सरकणार नाही, एवढं मी त्या ओसरीवर ठरवलं.

काका : भाषेचं मान्य. पण धोका कळायला भाषा लागते का जी? आगीला हात लावू नये हे कुणी मराठीत शिकवलं?

मी : आग त्यानं जन्मापासून पाहिली. अस्वल पाहिलं तर कुठल्या बाजूनं पळायचं, नदीला पूर आला की पाणी कुठून चढतं, हे त्याला तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. पर्लकोटेच्या काठावर वाढलेला पोरगा आहे तो. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की अख्खं भामरागड तुटतं, तेव्हा कुणी बेसावध राहिलं म्हणून वाहून गेला असं आपण म्हणतो का? आपण म्हणतो, पूल उंच हवा.

काका : पूल वेगळा.

मी : वेगळा कसा? एटापल्लीच्या रस्त्याचं बघा. सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज ट्रकनं जायला लागलं. त्याच रस्त्यावर एसटी, त्याच रस्त्यावर शाळेची पोरं, त्याच रस्त्यावर बैलगाड्या. जानेवारी 2019 मध्ये गुरुपल्लीजवळ एसटीची आणि ट्रकची धडक झाली, माणसं गेली, आणि चिडलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. तेव्हाही आधी हेच विचारलं गेलं, की चूक कुणाची, ट्रकवाल्याची का एसटीवाल्याची. लोकांचं मागणं मात्र वेगळं होतं. खनिजाला वेगळा रस्ता द्या. आणि आता सरकारनं खनिजासाठी वेगळा मार्ग करायचं ठरवलंच आहे ना? म्हणजे अवजड वाहन आणि माणूस एका वाटेवर ठेवायचे नाहीत, हे जिल्ह्याच्या पातळीवर पटलं. मग गोदामाच्या चार भिंतींच्या आत ते का पटू नये?

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मान हलवली, पण पटल्याची नव्हे.

काका : पिवळे पट्टे आमच्या यार्डातही मारले होते मॅडम. एक पट्टा माणसांचा, एक गाड्यांचा. पंधरा दिवसांत माणसांच्या पट्ट्यावर मालाचे गठ्ठे रचले गेले, आणि माणसं गाड्यांच्या पट्ट्यावरून चालायला लागली. पट्टा मारून काही होत नाही. पट्टा पाळणारा माणूस लागतो. तुम्ही जागा जागा करता. जागा माणूसच बिघडवतो.

मी : गठ्ठे कुणी रचले? हेल्परनं आपल्या मर्जीनं?

काका : नाही. वरून गाडी आली, जागा नव्हती, म्हणून रचले.

मी : मग जागा कुणी बिघडवली?

काका : (जरा वेळानं) मीच सांगितलं असेल रचायला. मीच सुपरवायझर होतो.

हे ते सहज बोलून गेले, तेव्हा मीही सहजच ऐकलं.

मग आम्ही पैशांकडे वळलो, कारण पोरगा त्यासाठीच आला होता. ठेकेदारानं दवाखान्याचा खर्च केला, हातात 15,000 रुपये ठेवले आणि बसमध्ये बसवून दिलं. वर सांगितलं, की चूक तुझी होती, तरी माणुसकी म्हणून देतो आहे. पोरानं आणि त्याच्या आईनं ते खरं मानलं. माझा काकांशी खरा वाद इथं होता, कारण "काहून गेला गाडीच्या मागं" हा प्रश्न आणि ठेकेदाराचं ते वाक्य एकाच कुळातले आहेत.

कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा इंग्रजांच्या काळातला, 1923 चा. त्याचं मूळ तत्त्व एवढंच, की काम करताना कामामुळं इजा झाली तर भरपाई मिळते. कामगार थोडा बेसावध होता एवढ्यानं ती बुडत नाही. दारू प्यालेला असेल, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकलं असेल, तरच मालकाला हात झटकता येतात. तेही माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर येत नाहीत. विसरणं, गोंधळणं, दमलेलं असणं यातलं काही जाणूनबुजून मोडण्यात बसत नाही. आपण ज्याला चूक म्हणतो ती त्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीच कामाचा भाग मानली आहे.

दुसरी गोष्ट, ठेकेदाराकडचा कामगार असला तरी ज्याच्या कामावर तो होता त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. तिसरी, दावा अपघाताच्या गावीच लावावा लागतो असं नाही, कामगार राहतो तिथल्या आयुक्तांकडेही लावता येतो. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. कामगार विम्याच्या ईएसआय योजनेखाली तो येत असेल तर हक्क तिकडचा, महिन्याच्या पैशांचा. येत नसेल तर या कायद्याचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांमधे गेले, पण याचा अपघात त्याआधीचा, म्हणून याला जुनाच कायदा.

काकांनी हिशेब मागितला. मी वहीच्या पाठीमागं मांडला. पगार 12,000. त्याचे 60 टक्के 7,200. वय 22, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा आकडा 221.37. गुणाकार 15,93,864. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. डॉक्टरांनी कमाईची ताकद 20 टक्के कमी झाली असं लिहिलं तर त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे 3,18,000 रुपयांच्या वर. काकांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला. पोरगा हातातल्या कागदाकडे बघत होता. तीन लाखांनी घोटा वाकणार नाही, हे मला कळत होतं. पण 15,000 रुपयांना माणुसकी म्हणणं किती मोठं खोटं होतं, ते त्या गुणाकारात दिसत होतं.

काका : पैसे मिळायलाच पाहिजेत. त्यात माझं दुमत नाही. पण पैसे नंतरची गोष्ट जी. मी म्हणतो, उद्या दुसरा पोरगा तिथं उभा राहील, त्याला मी काय सांगू? जागा बदला, हे मालकाला सांगायचं. ती बदलेपर्यंत पोरानं काय करायचं? मी त्याला हेच सांगणार, की बाबा, जपून.

इथं काकांचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हटलंही. जागा सुधारायची मागणी करणारे आपण ओसरीवर असतो. जागा सुधारेपर्यंत पोरगं तिथं रोज आठ-दहा तास उभं असतं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखान्यांच्या कायद्यात कामगाराला स्वतःच्या सुरक्षेची माहिती मागायचा हक्क दिला गेला. पण ठेकेदाराकडं तीन महिन्यांसाठी गेलेला माडिया पोरगा माहिती कुणाकडं आणि कुठल्या भाषेत मागणार? अमेरिकेत फोर्कलिफ्टच्या चालकाची पात्रता दर तीन वर्षांनी तरी पुन्हा तपासावी लागते. ते चांगलंच आहे. पण हा चालक नव्हता, पायी चालणारा होता.

तेव्हा काकांनी एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. चुलीतला कोळसा मागून घेतला, पोराच्या हातात दिला आणि फरशीकडे बोट दाखवलं. "काढ गोदाम."

त्यानं काढलं. लांबट चौकोन. एका बाजूला एकच शटर. त्यातूनच ट्रकचा माल आत, त्यातूनच फोर्कलिफ्ट, त्यातूनच माणसं. आत रॅकच्या चार रांगा, त्यांच्या मधे तीन गल्ल्या. काका प्रश्न विचारत गेले. गल्ली किती रुंद? गाडी वळते कुठं? दिवा कुठं? आरसा होता का वळणावर? हॉर्न चालत होता? पोरगा उत्तरं देत होता. वळणावर आरसा नव्हता. गाडी मागं घेताना वाजणारा भोंगा आधी वाजत होता, मग कुणीतरी त्याची वायर काढली, कारण दिवसभर डोकं उठायचं. मधली गल्ली सगळ्यात वर्दळीची. तिच्या टोकाला, रॅकच्या शेवटच्या खांबापाशी गाडी वळायची.

काका : तू कुठं होता?

त्यानं शेवटच्या खांबाशी फुली मारली.

काका : तिथं तुझं काय काम होतं?

तो : पाणी प्यायला गेलो होतो.

काका : पाणी कुठं ठेवलं होतं?

त्यानं फुलीच्या शेजारी एक छोटा गोल काढला. पिण्याच्या पाण्याचा कॅन तिथंच होता, खांबाला टेकून, स्टुलावर. गाडी जिथं वळते तिथंच.

काका बराच वेळ त्या गोलाकडे बघत बसले. दिवसातून चार-पाच वेळा प्रत्येक माणूस तिथं येणार. उन्हाळ्यात दहा वेळा. तीस माणसं असतील तर दिवसाला किती वेळा कुणीतरी त्या वळणावर पाठ करून उभं असेल, आणि ग्लास तोंडाला लावलेला माणूस वर बघतो, मागं बघत नाही.

काका म्हणाले, "आमच्या यार्डातही एकाचा हात गेला होता. रिपोर्ट मी लिहिला. त्या फॉर्मवर अपघाताच्या कारणाला एवढीशी जागा असते." त्यांनी दोन बोटांनी दाखवली. "मी लिहिलं, कामगाराचं दुर्लक्ष. दुसरं काही तेवढ्या जागेत बसत नव्हतं." मग थांबून म्हणाले, "पाणी कुठं होतं ते मी तेव्हा बघितलं नाही."

यावर मी काही बोलले नाही. आताही लिहीत नाही.

बोलायला पोरगाच लागला. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून गप्प होता बहुधा. त्यानं कोळशानं गाडी काढली, तिचा मागचा भाग बाहेर कसा आला ती रेघ काढली आणि म्हणाला, "काका, हे डोंग्यासारखं आहे."

"काय?"

"डोंगा. नदीत मागं बसणारा बांबू लावतो. तोंड तिकडं न्यायचं असलं की शेपूट इकडं येते. काठाशी उभं असलं की शेपटीचा फटका बसतो. लहानपणी मला बसला होता. घरी सगळ्यांना माहीत आहे, डोंग्याच्या शेपटीशी उभं राहायचं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "कुणी मला सांगितलं असतं, की ही गाडी डोंग्यासारखी वळते, तर मला कळलं असतं."

काकांनी 31 वर्षांत जे पोरांना रोज सकाळी समजावलं ते त्या पोराकडं आधीपासून होतं, नदीकडून आलेलं. ट्रेनिंगच्या त्या अर्ध्या तासात फक्त एक शब्द हवा होता. तो शब्द माहीत असणारं त्या गोदामात कुणी नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट मी इथं स्पष्ट लिहिते. त्याला डोंगा आठवला असता तरी तहान लागल्यावर तो पाण्यापाशीच गेला असता, आणि पाणी वळणावरच होतं. म्हणून माझा वाद अजून संपलेला नाही. काकांचाही संपलेला नसावा.

त्याचा धाकटा भाऊ, 19 वर्षांचा, त्याच आठवड्यात कामाला निघणार होता. कोनसरीच्या नव्या कारखान्यात नाव लागेल या आशेवर वर्षभर थांबला, शेवटी दुसऱ्या ठेकेदाराबरोबर पुण्याच्या बाजूलाच. घरात मोहाचे आणि तेंदूचे पैसे पुरत नाहीत, थोरला आता कमावत नाही. त्याला जाऊ नको म्हणायचा हक्क मला नव्हता. दुसऱ्या दिवशी काका त्याला घेऊन नदीवर गेले. डोंग्यात बसवलं, काठावर उभं केलं, डोंगा वळवून दाखवला. मी काठावरून पाहत होते. डोंग्याची शेपूट वाळू घासत त्याच्या पायापाशी आली तेव्हा त्यानं उडी मारली नाही, आधीच दोन पावलं मागं सरला.

एसटीत बसताना काकांनी त्याला सांगितलं, "पहिल्या दिवशी तीन गोष्टी बघ. गाडी कुठं वळते, पाणी कुठं आहे, संडास कुठं आहे. मग मॅडमना फोन कर."

चौथ्या दिवशी रात्री फोन आला. पाणी शटरच्या बाहेर ठेवलं आहे, म्हणाला. संडासला मात्र मधल्या गल्लीतूनच जावं लागतं.

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "गल्ली किती रुंद आहे रे?"